अक्कलदाढ

फेब्रुवारीपासून एंडेल उजव्या गालावर बुक्क्या मारायचा.
आधी वाटलं, वाऱ्यामुळे असेल,
मुहू बेटावर सगळं वाऱ्यावर ढकलता येतं.
मग त्याने राईचा पाव सोडला,
एक्केचाळीस वर्षांत एकदाही न सोडलेला,
तेव्हा कळलं. दात.

तो बोलत नाही. तोंड उघडतो जेवायला,
आणि फेरीबोट धक्क्याला लागताना एकदा,
मोठा आ करून, आवाज न करता.
गावच्या दंतवैद्याने आरसा पुढे केला होता.
त्याच्या अंगठ्यावर अजून वण आहे.
"पूर्ण भूल द्यावी लागेल," तो अंगठा धरून म्हणाला,
"तार्तूला न्या."

तार्तूला आधी रक्ताचा कागद हवा.
रक्त भुलीशिवाय काढता येईना,
भूल रक्ताच्या कागदाशिवाय देता येईना.
फोनवर विनवून विनवून
माझ्याच दातांच्या कण्या झाल्या.
सात महिने तो मारत राहिला
आणि मी मुठीच्या आणि गालाच्या मध्ये
माझा तळहात घालत राहिले.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं.
का, ते त्याला कुठल्या भाषेत सांगू?
पावाचा डबा डिकीत लपवला, मीही खाल्लं नाही.
पहाटेच्या बोटीत तो माझे खिसे चाचपत होता.

फॉर्मवर लिहिलं होतं: रुग्णाच्या वतीने सही.
नातं: बहीण.
रुग्णाला विचारलं का, असा रकाना नव्हता.
असता, तर मी काय लिहिलं असतं?

भूल देणारा इंद्रेक, उंच, किंचित वाकलेला.
एंडेल लिफ्टसमोर फरशीवर बसला
तर तोही बसला, पाय पसरून, जणू आम्ही सहलीला आलोय.
घरून आणलेल्या निळ्या कपात त्याने औषध ओतलं.
मग मास्क काढला,
आधी स्वतःच्या नाकावर ठेवला, मग माझ्या,
मग एंडेलच्या कोटाच्या सगळ्यात वरच्या बटणावर.
बटणाला बहुधा झोप लागली.
एंडेलने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

अर्ध्या तासाने नर्स मला बोलवायला आली.
"एवीतेवी झोपलाय, अजून काही करून घ्यायचंय?"
रक्त, मी म्हटलं. कानातला मळ. पायाची नखं.
केस मीच कापते, कात्री द्या.
टोपी घालून, गाऊन घालून, मी त्याच्या डोक्याशी उभी राहिले.
कधी न्हाव्याकडे गेला नाही तो,
दर वेळी घरभर पळापळ, रडारड,
आज केस नुसते पडत होते, शहाण्यासारखे.
तोंडातून नळी. हात उताणे, उघडे.
आई गेली तेव्हा तिचेही असेच होते.
मी यंत्राच्या हिरव्या रेषेकडे बघत कापत राहिले.

डॉक्टर माल्लेने फोटो दिव्यासमोर धरला.
चार काढले, सहा भरले.
"आणि ही बघा, अक्कलदाढ."
आडवी, हाडात रुतलेली, शेजारणीला ढुशी देणारी.
शाळेने लिहून दिलं होतं, शिकण्याजोगा नाही.
काका तर उघडच म्हणायचे, अक्कल नाही पोराला.
आली होती की.
कधी आली कोण जाणे, आतल्या आत,
आम्ही कुणी तोंड उघडून बघितलं नाही.

जागा झाला तेव्हा आधी जीभ हलली.
रिकाम्या जागेत गेली, परत आली, पुन्हा गेली.
बोळा लाल झाला होता. तो रडला थोडा,
मग इंद्रेकच्या कोटाचं बटण घट्ट धरून ठेवलं,
सोडवायला दोघं लागले.

संध्याकाळच्या बोटीवर त्याचा हात वर गेला.
मी सवयीने तळहात पुढे केला.
पण मूठ गालापाशी थांबली, उघडली,
कानामागे सरकली,
तिथे केस नव्हते.

त्याने माझ्याकडे बघितलं.
मग उठला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला,
पाठ करून.
धक्का आला तेव्हा त्याने आ केला की नाही
मला दिसलं नाही.